जुनी एसयूव्ही घेताय? बोनेट थंड असतानाच गाठा

आम्ही राहतो पुण्यात, गाव पाटण तालुक्यात. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. आधीच्या छोट्या गाडीत पाच माणसं कशीबशी बसायची, पण गावाहून येताना तांदळाचं पोतं आणि फणस ठेवायला जागा उरायची नाही. नवी एसयूव्ही आवाक्याबाहेर होती, म्हणून जुनी शोधायला लागलो. अडीच महिन्यांत आठ गाड्या पाहिल्या आणि आठवी घेतली. आधीच्या सात गाड्यांपायी वेळ गेला, थोडे पैसे गेले, पण त्यांनीच सगळं शिकवलं. तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

सगळे विचारतात, "कुठलं मॉडेल घेऊ?" मॉडेल महत्त्वाचं आहेच, पण पाच-सात वर्षं वापरलेल्या गाडीच्या बाबतीत ती कोणी आणि कशी वापरली हे त्याहून महत्त्वाचं असतं. एकाच मॉडेलच्या, एकाच सालच्या दोन गाड्या आम्ही एकाच आठवड्यात पाहिल्या. एक डोळे झाकून घ्यावी अशी होती, दुसरीकडे पुन्हा वळून बघू नये अशी. तेव्हा पुढचं सगळं वाचताना लक्ष गाडीच्या इतिहासावर ठेवा.

१. आधी गरज लिहून काढा

महिन्याला किती किलोमीटर होणार, रोज किती माणसं बसणार, पार्किंगची जागा किती लांब-रुंद, गावचा रस्ता कसा, एवढं कागदावर लिहा. रोजच सहा-सात माणसं असतील तर एसयूव्हीचा हट्ट सोडा आणि इनोव्हा किंवा अर्टिगा बघा. बहुतेक सात सीटर एसयूव्हीत शेवटची रांग मुलांपुरतीच असते, आणि ती उघडली की सामानाला जागा राहत नाही.

घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला एकदा तरी सोबत न्या. आम्हाला उंच, दणकट गाडी हवी होती. सासूबाईंनी एका स्कॉर्पिओत चढून पाहिलं. एक हात दाराला, एक हात माझ्या खांद्यावर, आणि तरी दुसरा पाय वर येईना. त्या काही बोलल्या नाहीत, पण उतरल्यावर गुडघा चोळत उभ्या राहिल्या. त्या दिवशी आमच्या यादीतून निम्म्या गाड्या गेल्या.

पेट्रोल की डिझेल, हा प्रश्न आता पूर्वीसारखा नुसत्या मायलेजचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस ६ नियम लागू झाले, आणि त्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी पकडणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पंधरा-वीस मिनिटं पळावी लागते. मुलांची शाळा, भाजी आणि ऑफिस एवढ्याच फेऱ्या असतील तर गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि खर्च मोठा येतो. वापर शहरातला आणि थोडा असेल तर पेट्रोलच घ्या. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर, तेही लांबचे, होत असतील तर डिझेल परवडतं.

२. बजेटमधला एक हिस्सा बाजूला काढा

हातात आठ लाख असतील तर गाडी सात लाखांपर्यंतचीच बघा. टायर, बॅटरी, पहिली मोठी सर्व्हिसिंग, विमा आणि नाव बदलायचा खर्च पहिल्या दोन महिन्यांतच येतो. आमच्या गाडीला चार टायर लगेच टाकावे लागले आणि तीस हजारांच्या घरात गेले. काही इंजिनांना टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या किलोमीटरला बदलला नाही आणि चालू गाडीत तुटला तर इंजिनच जातं. डस्टर आणि इकोस्पोर्टच्या दीड लिटर डिझेल इंजिनांना बेल्ट आहे, तो बदलल्याचं बिल मागा.

३. मॉडेल: मिस्त्री आणि पार्ट जवळ मिळतात का ते बघा

तुमच्या गावाजवळचा मिस्त्री ज्या गाडीला हात लावायला कचरत नाही, ती तुमची गाडी. बोलेरो आणि स्कॉर्पिओ या बाबतीत बिनघोर आहेत, पार्ट तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात. मात्र त्या शिडीसारख्या चासीवरच्या, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरच्या गाड्या. खराब रस्त्याला चांगल्या, पण मागच्या सीटवर धक्के जास्त. ब्रेझा २०१६ मध्ये आली तेव्हा फक्त १.३ लिटर डिझेलमध्ये मिळायची, २०२० पासून ती १.५ लिटर पेट्रोलमध्ये आहे. चौघांच्या कुटुंबाला आणि शहरातल्या वापराला ही पेट्रोल ब्रेझा मला सगळ्यात कमी डोकेदुखीची वाटते. २०१५ पासूनची क्रेटा आतून ऐसपैस आहे, पण मागणीमुळे जुनीचाही भाव चढाच असतो. नेक्सॉनला डिसेंबर २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच स्टार मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच. इकोस्पोर्ट बनवणाऱ्या फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं आणि जुनी डस्टर २०२२ मध्ये बंद झाली. या दोन्ही गाड्या चालवायला गोड आहेत आणि स्वस्तही मिळतात, पण बंपर, हेडलाइट, दार असे बॉडीचे पार्ट कुठे आणि किती दिवसांत मिळतील हे आधी विचारून ठेवा.

मॉडेलबरोबर व्हेरियंटही नीट बघा. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, एबीएसही (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच वर्षी सगळ्या नव्या गाड्यांना आलं. त्याआधीच्या गाड्यांत एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरियंटला यांतलं काहीच नसतं, असंही सापडेल. पन्नास हजार वाचवायला एअरबॅग सोडू नका. मुलं बसणार आहेत त्या गाडीत.

४. कोणाकडून घ्यावी

माझी पसंती पहिल्या मालकाकडून थेट. घरी जाऊन गाडी बघता येते, माणूस कळतो, बिलांची फाइल मिळते. कंपन्यांच्या जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये भाव जास्त असतो, पण कागदांची धावपळ वाचते. डीलरकडे जायचं तर त्याची आरटीओकडे अधिकृत नोंदणी आहे का ते विचारा. एप्रिल २०२३ पासून तसा नियम आहे.

दिल्लीकडच्या डिझेल गाड्यांपासून जपून राहा. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत येतात. भाव बघून मोह होतो, पण तिथल्या आरटीओची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवीन नोंदणी यांचा हिशोब धरला की बरीचशी बचत उडून जाते. शिवाय गाडीचा इतिहास हजार-दीड हजार किलोमीटर लांब राहतो.

५. गाडी बघायच्या आधी नंबर बघा

विकणाऱ्याकडून नंबर घ्या आणि एमपरिवहन ॲपवर टाका. नोंदणीची तारीख, इंधन, मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, बँकेचा बोजा आहे का, हे सगळं दिसतं. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, ते आरसीवरून पडताळा. ई-चलान वेगळं तपासा. आम्ही पाहिलेल्या एका गाडीवर अठरा चलानं थकलेली होती, बहुतेक वेगाची. दंड भरून टाकता येतो, पण गाडी कशी चालवली गेली हेही त्यावरून कळलं.

मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा. पूर्वी त्यांच्याकडे सर्व्हिसिंग झालं असेल तर कोणत्या तारखेला किती किलोमीटर होते याची नोंद त्यांच्याकडे असते. सगळी सेंटर अनोळखी माणसाला ती देत नाहीत, तेव्हा मालकालाच ती मागवायला सांगा. मीटर मागे फिरवलं असेल तर इथेच पकडलं जातं: २०२१ मध्ये ८२ हजार आणि आज मीटरवर ६१ हजार, असं.

आरसीवर सीएनजी किटची नोंद नाही आणि गाडीत किट आहे, किंवा गाडी पूर्वी टुरिस्ट परमिटवर होती आणि नंतर खासगी केली, अशा गाड्या मी सरळ सोडून देते.

६. सकाळी जा, न्याहारीच्या आधी

सोबत न्यायच्या वस्तू: चांगला टॉर्च, खाली अंथरायला जुनी चादर, पांढरं फडकं, पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक, जमल्यास गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर (साधा ब्लूटूथवाला चालतो) आणि तुमचा स्वतःचा मिस्त्री. मिस्त्रीला त्याच्या वेळेचे पैसे द्या. विकणाऱ्याने सुचवलेला मिस्त्री नको.

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." पोहोचल्यावर पहिल्यांदा बोनेटवर तळहात ठेवा. गरम असेल तर "पुन्हा येतो" म्हणून निघा. खराब इंजिनाची खोड पहिल्या थंड स्टार्टलाच दिसते. अर्धा तास चाललेलं इंजिन सगळं लपवतं. आम्ही सकाळी साडेसातला एका ठिकाणी गेलो तर गाडी चालू करूनच ठेवलेली होती, "एसी गार करून ठेवलाय तुमच्यासाठी" म्हणून. दुसऱ्या दिवशी न सांगता साडेसहाला गेलो. चार वेळा सेल मारल्यावर गाडी चालू झाली आणि पार्किंग निळसर धुराने भरलं.

निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा दाट धूर बराच वेळ राहिला तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जात असण्याची किंवा इंजेक्टर बिघडल्याची शंका घ्या. थंडीतली सकाळची थोडी वाफ मात्र चालते. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर डिझेलचा थोडा काळा धूर समजू शकतो, सतत येत असेल तर नको.

डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून ऑइल फडक्यावर घ्या. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं असणारच, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते दुधाळ, कॉफीसारख्या रंगाला, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलंय. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतली बाजूही बघा. मग इंजिन चालू ठेवून ते झाकण सैल करा. भकाभका वाफ येत असेल आणि झाकण नाचत असेल तर इंजिन थकलेलं आहे. रेडिएटरचं झाकण मात्र गरम इंजिनावर कधीही उघडू नका.

बॉडी बघायला उजेड हवा, म्हणूनही सकाळ बरी. दारं, बोनेट आणि फेंडर यांच्यातल्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? बोनेटच्या आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे आहेत का? चुंबक पत्र्यावर धरून फिरवा. जिथे ते ढिलं पडतं तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. फायबरच्या बंपरला ते चिकटणारच नाही, तिथे फसू नका. एखादं दार रंगवलं असेल तर चिंता नाही, शहरात घासतंच. दारांमधले खांब, इंजिनाच्या बाजूच्या पट्ट्या आणि डिकीचा तळ इथे वेल्डिंग दिसलं तर तो मोठा अपघात. भाव कितीही कमी केला तरी ती घेऊ नका.

आता पुराचं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, त्यात असंख्य गाड्या बुडाल्या. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून लांबच्या शहरांत विकायला येतात. आम्ही पाहिलेली तिसरी गाडी बाहेरून आरशासारखी होती. आमचे मिस्त्री काही न बोलता मागच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट हळूहळू ओढत अगदी शेवटपर्यंत नेला. वरचा पट्टा स्वच्छ काळा. शेवटच्या वीतभर भागावर मात्र पिवळसर गाळाची बारीक पूड, नखाने खरवडली की सुटत होती. मग त्यांनी सीटखालचे रूळ दाखवले, गंजाने खरखरीत झालेले. पायाखालचं कार्पेट उचललं तर ओल्या गोणपाटासारखा वास. "गाडी कायम शेडमध्ये होती" हे विकणाऱ्याने तोवर तीनदा सांगून झालं होतं. आम्ही आदल्या दिवशी फोनवरच दहा हजार टोकन दिलं होतं, ते परत मिळालं नाही. गाडी बघितल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर चादर अंथरून खाली जाच. चासी, सायलेन्सर आणि सस्पेन्शनच्या जोडांवर पापुद्रे सुटणारा गंज आहे का बघा. गाडी जुनी आणि खालून नुकताच काळा रंग मारलेला असेल तर तो कशासाठी, हे विचारा.

टायरच्या बाजूला चार आकडी संख्या असते. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा ३२ वा आठवडा. मीटरवर २८ हजार किलोमीटर आणि चारही टायर बदललेले, तर जुळत नाही. कंपनीचे टायर सहसा चाळीस हजारांच्या पुढे जातात. गुळगुळीत झालेलं स्टीअरिंग आणि झिजलेली पेडल-रबरंही मीटरची साक्ष काढतात.

किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कोणीतरी तो काढून ठेवलाय. स्कॅनर लावलात तर नुसते कोड बघू नका. गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या "अपूर्ण" दाखवत असतील, तर कोड कालच पुसलेले असू शकतात.

७. स्वतः चालवा, निदान पाऊण तास

सोबत घरच्यांना बसवा, रेडिओ बंद ठेवा. स्पीडब्रेकरवरून, खडबडीत रस्त्यावरून, हायवेवरून आणि जमलं तर चढावरून न्या. आम्ही पुण्यात असल्याने कात्रजचा घाट धरला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच संपलेला आहे. बऱ्याच डिझेल एसयूव्हींत क्लचबरोबर फ्लायव्हीलही बदलावं लागतं आणि बिल साध्या क्लचच्या कितीतरी पट होतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का, स्टीअरिंग थरथरतं का, ते बघा. ऑटोमॅटिक असेल तर ट्रॅफिकमध्ये रेंगाळत न्या, पहिल्या-दुसऱ्या गिअरमधले झटके तिथेच कळतात. परत आल्यावर एसी चालू ठेवून दहा मिनिटं उभी करा आणि तापमानाचा काटा बघत राहा. फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी) असेल तर ते लावूनही बघा. कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं कोणी लावलेलंच नसतं आणि ते अडकून बसतं.

८. लिफ्टवर चढवा

आवडली तर सौदा करण्याआधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणी करून घ्या. रिपोर्ट लेखी मिळतो आणि भावाची बोलणी करताना तोच हातात धरता येतो. विकणारा तिथे यायला तयार नसेल तर विषय संपवा.

९. भाव

त्याच सालच्या, त्याच व्हेरियंटच्या पाच-सहा जाहिराती बघून आकडा ठरवा. रिपोर्टमधला प्रत्येक खर्च त्यातून वजा करा आणि शांतपणे सांगा. "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" हे आम्हाला आठपैकी पाच ठिकाणी ऐकायला मिळालं. येऊ द्या. टोकन पाच-दहा हजारांच्या वर नको, आणि पावतीवर लिहून घ्या की कागदांत काही अडचण निघाली तर रक्कम परत.

१०. कागद आणि पैसे

लागणारी कागदपत्रं:
- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- नाव बदलायचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, विकणाऱ्याच्या आरटीओतल्या नोंदीशी जुळणाऱ्या सहीचे
- चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट
- दोघांची ओळखपत्रं, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५
- गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी
- दोन्ही किल्ल्या, सर्व्हिसिंगची बिलं, एचएसआरपी, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबरप्लेट (१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला ती बसवलेली आहे का ते मुद्दाम बघा)

चासी नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा. आरसीवर ज्याचं नाव आहे त्याला भेटा, निदान व्हिडिओ कॉल तरी करा. गाडी मधल्या दोघा-तिघांच्या हातून फिरलेली असते, नाव पहिल्याचंच असतं आणि सह्या केलेले कोरे फॉर्म एजंटच्या ड्रॉवरमध्ये. अशा गाडीचं नाव बदलताना सही जुळली नाही की तुम्ही अडकलात.

कर्ज बाकी असेल तर "फेडतो नंतर" ऐकू नका. मालकासोबत बँकेत जा आणि बाकी रक्कम थेट कर्जखात्यात भरा. उरलेले पैसे आरसीवरच्या मालकाच्याच खात्यात पाठवा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यानेच मनाई आहे.

ताबा घेताना डिलिव्हरी पत्रावर तारीख आणि वेळ दोन्ही लिहा. त्याआधीची चलानं आणि अपघात त्यांचे, नंतरचे तुमचे, हे दोघांमध्ये तरी स्पष्ट राहतं.

नाव बदलायला एजंटवर सोडून बसू नका. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विकणारा टाळाटाळ करत असेल तर त्यालाच त्याचा धोका समजावून सांगा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विम्यावरही १४ दिवसांत तुमचं नाव लावा. तोवर समोरच्याच्या नुकसानीचं कवच चालू राहतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळत नाही, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतील. जुना फास्टॅग बंद करायला लावा आणि स्वतःच्या नावाचा नवा घ्या.

११. पहिला महिना

विकणारा काहीही म्हणो, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल बदलून टाका, म्हणजे तिथून पुढचा हिशोब तुमचा. पहिले दोन-तीन आठवडे रोज सकाळी गाडी काढल्यावर खालची जमीन बघा, कुठे थेंब पडलाय का. आमच्या पार्किंगमध्ये मी जुनं वर्तमानपत्र अंथरून ठेवायचे. चौथ्या दिवशी त्यावर रुपयाएवढा हिरवट डाग दिसला. कूलंटची एक क्लिप सैल होती, शंभर रुपयांत काम झालं. पहिली लांबची सहल या महिन्यानंतरच ठेवा.

नवं आरसी घरी आलं की आधीच्या मालकांना त्याचा फोटो पाठवा. आमच्या गाडीचे मालक निवृत्त शिक्षक होते. फोटो बघून त्यांनी लगेच फोन केला, आणि मागच्या डाव्या दाराचं लॉक पावसाळ्यात अडकतं, त्यात थोडं तेल सोडत जा, हेही सांगितलं.